भलतंच पान

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझी लेक मजेत आहे, जेवताना बडबड तेवढी थांबत नाही. तुझी हॉस्पिटलच्या वॉर्डातली धावपळ कमी झाली का?

काल आमच्या सहावीची वाचन-तपासणी झाली. आमची रीत अशी, की कुठला उतारा येणार ते आठवडाभर आधीच कळतं आणि आम्ही तो पोरांकडून घोकून घेतो. मग तपासायला आलेले साहेब खूश, मुख्याध्यापक खूश, सगळा आनंदीआनंद.

तुझी लेक पहिली उभी राहिली. साहेबांनी पुस्तक उघडून दिलं ते भलतंच पान. त्यावर कासवाची गोष्ट, आणि ही विहिरीचा उतारा घडाघडा म्हणतेय! साहेबांनी पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ‘छान’ म्हणून तक्त्यात खूण केली आणि चहाला गेले.

किळस आली, ताई. साहेबांची आली, टाळ्या पिटणाऱ्या आमच्या शिक्षकांची आली. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! मी नोकरीला लागलो तेव्हा तिसरीतली पोरं वर्तमानपत्र वाचायची. आता सहावीतल्या चाळिसांपैकी तिसांना दुकानाची पाटी वाचता येत नाही, तरी दरवर्षी आम्ही त्यांना वर ढकलतो.

आम्ही म्हणजे मीसुद्धा. तो उतारा तिच्याकडून मीच पाठ करून घेतला. आणि तिची जी पत्रं तू वॉर्डभर मिरवतेस ना, ती मी लिहून द्यायचो आणि पोर बघून उतरवायची. अक्षर तिचं, बाकी सगळं माझं. काय उतरवलंय ते तिला वाचता येत नव्हतं. भाऊ मास्तर म्हणून तू पोर माझ्या पदरात टाकलीस. तुला खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

आज तक्त्यातली तिची खूण खोडून ‘वाचता येत नाही’ असं लिहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, “अहो, सख्ख्या भाचीचं वाटोळं करताय?”

म्हटलं, “ते करून झालंय, सर.”

ती आता याच वर्गात राहील. उद्यापासून आम्ही दोघं मुळाक्षरांपासून बसणार आहोत. तुला तिला घेऊन जायचं असेल तर ये. मी अडवणार नाही.

दुपारी तिला म्हटलं, आईला तुझं तूच काहीतरी लिही. तासभर पेन्सिल चावत बसली. तो कागद सोबत जोडलाय. दोनच शब्द आहेत, ‘आई ये’. मी हात लावलेला नाही.

मास्तर म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
तुझा धाकटा