चाळीस पावलांवरचं घर

शिवोली, गोवा
रविवार

केदारखेड्याचे आमचे मोठे मामा, कारभारी मिस्त्री यांच्या पायावर भाचा कल्याण याचं डोकं. (इथून जितकं वाकता येतं तितकं वाकलोय, बाकीचं समोर आल्यावर वाकीन.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा दमा? म्हैस व्याली का, अन् व्याली असली तर काय झालं? मी ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, की मी ठीक आहे. आता तेवढं खोडून पुढचं वाचा.

तुम्ही फोन उचलत न्हाईत, म्हणून कागद घेतला. आपली शाळा सातवीपर्यंत, त्यातली सातवी तर बहुतेक शाळेच्या मागच्या चिंचेवरच गेल्ती, तेव्हा अक्षराकडं बघू नका, माणसाकडं बघा. (माणसाकडंही फार बघू नका.) सांगायची गोष्ट एकच आहे मामा. घर बांधून तीन महिने झाले अन् तुमची बहीण, माझी माय, अजून त्या घरात पाय ठेवायला तयार न्हाई. घरापासून चाळीस पावलांवर शेतातला जुना पत्र्याचा आखाडा आहे, त्या खोपटातच राह्यली. मी पावलं मोजली आहेत. बराबर चाळीस.

पहिल्यापासून सांगतो. मी सुरतेला टिकलो न्हाई, पुण्याला टिकलो न्हाई, हैदराबादेतून तर पगार घ्यायच्या आधीच पळालो, हे तुम्हाला पाठ आहे. इथं टिकलो कारण काम पाण्याचं आहे. श्रीमंतांच्या बंगल्यांतले पोहायचे हौद साफ करतो. हे बंगले भातशेतीच्या मधोमध, नुसती काच अन् सिमेंट, आवाज न्हाई, धूर न्हाई, अंगणात कोंबडीचं पीस न्हाई. रोज बघून बघून डोक्यात बसलं की रस्त्यात गेलेल्या जमिनीचा पैसा आलाच आहे तर परतूर रोडच्या आपल्या शेतात असलंच एक झालं पाहिजे. आता कळतं की मी ज्याची नकल करून राह्यलो होतो त्या घरात कुणी राहतच न्हाई. मालक वर्षातून चार दिवस येतो, तेही हौदाच्या काठावर बसून फोनवर दुसऱ्या घराचं बोलतो. पण चार वर्षं जाळी फिरवताना हे एकदाही डोक्यात आलं न्हाई. पाला काढण्यात लक्ष होतं.

मंग मस्तगडचे सुयश साहेब गाठले. माणूस वाईट न्हाई, बोलायला मऊ, घराचे नकाशे काढण्यात हुशार. शेतात आले, डोळे मिटून उभे राह्यले, अन् म्हणले, घर जमिनीतून उगवल्यासारखं दिसलं पाहिजे. आमचे अप्पा, म्हणजे तुमचे दाजी, म्हणले, उगवायचंच असलं तर सोयाबीनच्या आधी पेरा, मागून जागा राहणार न्हाई. साहेब हसले, अप्पा न्हाई हसले. साहेबांचं म्हणणं, आत अन् बाहेर यात भेद नको, शेत घरात आलं पाहिजे. मला ते फार पटलं. शेत आलं मामा. आधी शेळ्या आल्या, मंग शेजारच्या रखमाजीची कुत्री आली, मंग खुद्द रखमाजी पायाच्या चिखलासकट थेट गॅसपर्यंत आला अन् तिथं उभा राहून अप्पांना इचारतो, "भागवतराव, घर कुठून सुरू होतं?" त्याचं तरी काय चुकलं? दारात चौकट न्हाई, उंबरठा न्हाई, नुसती सरकती काच, ती पण उघडली की भिंतीत गायब. चपला कुठं काढायच्या हेच पाहुण्यांना कळत न्हाई. कुणी लांब शेताच्या धुऱ्यावर काढतो अन् काट्यातून चालत येतो, कुणी पलंगापाशी काढतो.

भिंतींना गिलावा न्हाई, कारण सिमेंट उघडं ठेवायची आता तऱ्हा आहे. पण परतूरकडं हे कुणाला सांगायचं? येणारा प्रत्येक माणूस भिंतीवर हात फिरवतो, अप्पांच्या खांद्यावर हात ठेवतो अन् म्हणतो, होईल, हळूहळू होईल. रखमाजीनं तर त्याच्या न्हाणीतून उरलेलं सिमेंटचं अर्धं पोतं आणून ठेवलं, परत घे म्हणलं तर त्याला राग आला. वरून ती काचेची भिंत रस्त्याच्या बाजूला. बाजाराहून येणारी मंडळी गाडी थांबवून आत येऊन बसतात अन् शेवभाजी मागतात. अप्पांनी आठ दिवस सांगितलं की हे हॉटेल न्हाई. नवव्या दिवशी एका जोडप्याला म्हणले, शेव संपली, पिठलं चालंल का? (ते चालंल म्हणले. पिठलं आखाड्यावरून आलं. मायनं दोन कांदे जास्ती दिले.)

सैपाकघर पण उघडं, बैठकीतच. साहेब घराचे फोटो काढायला आले त्या दिवशी चुलतीनं ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या. साहेब खोकत खोकत बाहेर पळाले, अन् बाहेर कुठं सुरू होतं हे त्यांनाही समजंना, काचेवर आपटले. मला वाईट वाटलं, पण बिलकुल थोडं.

आता घरभरणीचं सांगतो, कारण तुम्ही आला न्हाईत. अक्षय तृतीयेला मुहूर्त धरला, मी तीन दिवसांची सुट्टी काढून आल्तो. दोनशे माणूस. भटजींनी पाट मांडले अन् इचारलं, यजमानीणबाई? माय आखाड्याच्या दारात उभी. मी जाऊन हात जोडले. म्हणली, "उंबरठा न्हाई त्या घरात मी कुठून येऊ? ते घर न्हाई बाबा, मंगल कार्यालय हाय. काम झालं की रिकामं करा." भटजींना दुसऱ्या गावचा मुहूर्त गाठायचा होता. तेव्हा बायको हजर नसल्यावर करतात तसं अप्पांच्या कनवटीला सुपारी लावली अन् पूजा उरकली. माणूस चाळीस पावलांवर उभा, काचेतून सगळं बघून राह्यला, अन् त्याच्या नावाची सुपारी! वरून त्या दोनशे माणसांचा सैपाक तिनंच आखाड्यावर केल्ता. पंगत उठल्यावर अप्पा म्हणले, बत्तीस वर्षांत ही पहिलीच पूजा जिथं मला कुणी कोपरानं ढोसलं न्हाई. म्हणले अन् एकटेच हसले. सुपारी त्यांनी अजून टाकली न्हाई.

तेव्हापासून अप्पा घरात, माय आखाड्यात. शेळ्या हाकायला कुणीतरी घरात पाहिजे म्हणून अप्पा अडकले. जेवायला चाळीस पावलं जातात, झोपायला चाळीस पावलं येतात. चहा पाहिजे असला की काचेमागचा दिवा दोनदा चालू-बंद करतात. साखर संपली असली की माय पत्र्यावर पळी वाजवती. घरासाठी मी चार वर्षं लोकांच्या हौदातला पाला काढला, मामा, अन् त्यातून काय निघालं तर माझ्या मायबापाचं वेगळं बिऱ्हाड.

आता ते लिहितो जे चार पानांपासून टाळून राह्यलो. कार्तिकात रीतीप्रमाणं चौकट बसवायचा दिवस धरल्ता, तेव्हा तुम्ही केदारखेड्याहून सागवानी उंबरठा घेऊन आल्ता. स्वतः रंधलेला, खांद्यावर, दोन गाड्या बदलून. मी इथून फोनवर दिसत होतो, ठेकेदारानं फोन धरल्ता, सगळे मजूर ऐकून राह्यलते. तुम्ही एवढंच इचारलं, "कल्याण, चौकट कुठं बसवायची?" अन् मी म्हणलो, मामा, हे नव्या तऱ्हेचं काम हाय, तुम्हाला समजणार न्हाई, ते लाकूड चुलीत घाला. मजूर हसले. मला आवडलं ते हसलेले. तुम्ही ओळंबा गुंडाळून पिशवीत टाकला अन् निघालात. पुरण शिजल्तं, ताट वाढल्तं. अर्ध्या जिल्ह्याची घरं ज्यानं बांधली तो माणूस बहिणीच्या घरून उपाशी गेला, अन् मी इथं हौदाच्या काठावर उभा राहून सुयश साहेबांना फोनवर शाबासकीचा अंगठा पाठवला. मामा, माझी चूक झाली. दुसरा चांगला शब्द सातवीपर्यंत शिकवला न्हाई.

लाकूड चुलीत गेलं न्हाई. मायनं ते आखाड्याच्या तोंडाशी आडवं टाकलंय, रोज हळदीकुंकू लावती.

मोठ्यांना नमस्कार, लहान्यांना काय द्यायचं ते तुम्हीच द्या, मला त्यांची वयं माहीत न्हाईत.

तुमचा, तुम्ही म्हणाल तर,
कल्याण

ता. क. मुद्द्याचं राह्यलं. तुम्ही येऊन उंबरठा बसवून द्या. सुयश साहेबांना इचारलं, ते म्हणले काच फोडावी लागंल. मी म्हणलो फोडा. तेच म्हणले की चौकट बसवायची तर जुना हात पाहिजे, आमच्या पोरांना येत न्हाई.

ता. क. दुसरा. वरचं सगळं चूक निघालं. आत्ता मायला फोन केल्ता. म्हणलो, माय, जल्दी उंबरठा बसवून घेतो, मंग तर येशील? तर म्हणती, "सागाचा बसव न्हाईतर सोन्याचा बसव. माझा भाऊ ज्या दारातून उपाशी गेला तिथं मी भाकर खाऊ?" मी म्हणलो, मंग तीन महिने उंबरठा उंबरठा का करून राह्यली? म्हणली, "तुला लाकडाचं तरी समजंल वाटलं." तेव्हा शेळ्या, काच, मिरच्या, हे सगळं उगाच लिहिलं. खोडत न्हाई, फार लिहायला लागलं होतं. हत्यारं आणू नका. नुसते जेवायला या.

ता. क. तिसरा. बुधवार, पेन्सिलीनं. हे पत्र पोस्टात टाकलं न्हाई. तुम्ही फोन उचलत न्हाईत तर पाकीट कशाला उघडाल, म्हणून कामावरून न सांगता निघालो (ही नोकरी पण गेली समजा) अन् स्वतःच घेऊन आलोय. तुमच्या ओट्यावर बसून एवढं लिहितो अन् मामीच्या हाती आत पाठवतो. मामींनी पाणी दिलं, पण आत ये म्हणल्या न्हाईत, म्हणल्या ते वाचून झाल्यावर सांगतील. सावकाश वाचा, घाई न्हाई. फक्त ऊन आता ओट्यावर आलंय, अन् परतूरकडं जायला दोन माणसांचं भाडं माझ्या खिशात आहे. पायात चपला घातल्याचा आवाज आला तरी मी समजून घेईन.