तुटलेल्या तारेवरचा फोन

ती. आई,

तुमचा लंबू बेपत्ता नाही. मीच त्याला माझ्या कोटात गुंडाळून पुरलं. वरिष्ठांना कळवलं मात्र नाही. मेलेल्यांच्या यादीत त्याचं नाव लिहायला हात धजेना.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी खंदकातला फोन वाजला. त्याच्या चौकीकडे जाणारी तार तोफगोळ्यानं तुटली होती, तिचं टोक माझ्या हातात होतं. तरी रिसीव्हर उचलला.

"आईला सांगितलंस?" त्याचाच आवाज, सर्दी झाल्यासारखा.

"काय?"

"आपलं! दुसरं काय, कपाळ?"

लढाई संपली की आम्ही दोघं तुमच्यासमोर उभं राहून सांगणार होतो, की आम्हाला एकमेकांबरोबरच संसार करायचाय.

मी म्हणालो, "हो, सांगितलं."

"रागावली?"

"नाही रे. दोघांना जेवायला बोलावलंय."

तो खो खो हसला. मग फोन मुका झाला, तो कायमचाच.

आई, मी मेलेल्या माणसाशी खोटं बोललो. ते खरं करायला हे चौथं पत्र लिहितोय, आधीची तीन फाडून टाकली. पण त्याच्या चौकशीच्या पत्रात तुम्ही लिहिलंय, "त्याच्यासाठी दार उघडंच ठेवते." ते दार माझ्या हातानं कसं लावू?

त्याचा,
टेलिफोनवाला