खडूची गाडी आणि भावोजींची कमान

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भावोजींना जरा जास्तच वाकून नमस्कार (का ते खाली कळेल), आणि तुमच्या मांजराला माझ्याकडून काहीही सांगू नकोस, मागच्या खेपेचा ओरखडा अजून दिसतो. तुझी पाठ कशी आहे? भावोजींचं वेल्डिंगचं दुकान जोरात ना? इकडे सगळे ठणठणीत. माझ्या कपाळावर एक टेंगूळ आहे, पण ते आजारपणात मोडत नाही, खरेदीत मोडतं. तेच सांगायला बसलोय.

आम्ही मोटरहोम घेतोय. म्हणजे चाकांवरचं घर. आत झोपायचं, आतच शिजवायचं, आणि कंटाळा आला की घरासकट पुढे निघायचं. हसू नकोस. मुलींची सुट्टी, हिची गाडी चालवायची हौस, ही कारणं मी चारचौघांत सांगतो आणि ती खरीच आहेत. पण तुला म्हणून सांगतो, मुख्य कारण आई आहे. चार वर्षं झाली, ती तुझ्याकडे राहायला आलेली नाही. विषय काढला की आधी गुडघा, मग हवा, मग 'पुढच्या महिन्यात बघू'. गुडघ्याला काय धाड भरलीय? परवा मुलींना दोरीवरच्या उड्या शिकवत होती. मला वाटतं भानगड निराळी आहे. रात्री तिच्या खोलीतल्या दिव्याचं बटण तीन-चारदा वाजतं, ते मला भिंतीतून ऐकू येतं. दुसऱ्याच्या घरी, मग ते लेकीचं का असेना, इतक्यांदा उठायचं म्हणजे तिला संकोच वाटत असणार. ती सांगणार नाही, मी विचारणार नाही. (आपलं घराणंच तसलं. बाबांनी जन्मभर लोकांच्या घरात फरश्या बसवल्या, पण प्यायला पाणी मागायची त्यांना लाज वाटायची.) म्हणून म्हटलं, तिचं बाथरूमच तिच्याबरोबर न्यावं.

आता घरात काही यायचं तर बाबांचा नियम तुला माहीतच आहे: आधी जमिनीवर खडूने आखायचं, दोन दिवस त्यात वावरायचं, मगच वस्तू आणायची. तुझं कपाट आखलं होतं तेव्हा तू त्याचं खडूचं दार उघडून रोज फ्रॉक ठेवायचीस. मीही फरशीवाला. दोन गाड्या मनात होत्या, एक मोठी, एक छोटी. मोठीची मापं आणली आणि शनिवारी सकाळी हॉलमध्ये आखायला बसलो. गाडी एकवीस फूट, हॉल अठरा. त्यामुळे ड्रायव्हरची जागा स्वयंपाकघरात, थेट ओट्यासमोर गेली. हिने भाजी परतता परतता दोन दिवस गाडी चालवली आणि वर मला बजावलं की चालत्या गाडीत चहा मिळणार नाही.

दोन दिवस आम्ही रेषांच्या आत राहिलो. मधली वाट इतकी चिंचोळी की फ्रिज उघडायचा तर धाकटीने पलंगावर चढायचं, आणि धाकटी चढली की थोरलीने पाय आखडायचे. थोरली नियमांची पक्की. शेजारचे पेन्शनर काका वर्तमानपत्र मागायला आले आणि दारातच उभे राहिले, कारण त्यांना आमचं कौतुक बघायचं होतं. आता खडूचं बाथरूम नेमकं त्या दाराशी आलेलं. थोरलीने त्यांना दोन मिनिटं सहन केलं आणि मग आत कोणी आहे का म्हणून हवेत टकटक केली. काका बिचारे ओशाळले, बाहेर गेले, आणि जाताना नसलेलं दार हळूच लोटून घेतलं. तेव्हापासून ते वर्तमानपत्र विकत घेतात.

आई आधी रेषांबाहेर खुर्ची टाकून बसली होती. मला वेड लागलंय असं तिचं मत. रविवारी दुपारी बघतो तर तिची चादर, चष्मा आणि पाण्याचा तांब्या आत, बाथरूमला लागून आखलेल्या पलंगावर. (तो पलंग मी तिथे मुद्दाम आखला होता. विचारलं तर दुसरीकडे बसत नाही म्हणून सांगणार होतो. विचारलंच नाही.) थोड्या वेळाने तिने माझ्या हातातला खडू घेतला आणि उशाशी, भिंतीवर, एक खिडकी काढली. वर पडदाही काढला. ताई, मला भरून आलं. मी हाताचा खडू धुवायचं निमित्त करून बाहेर गेलो.

सोमवारी सगळे दुकानात. मोठीत पाऊल टाकलं आणि आम्हाला सगळं पाठ. कोण कुठे बसणार, कोण कधी चढणार. दुकानदार चकित झाला, म्हणाला तुम्ही आधी वापरलीय का. आईच्या उशाशी खरोखर खिडकी. मी खुशीत ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर जाऊन आडवा झालो आणि तसाच ताठ उठून बसलो. टेंगूळ ते. खडूला उंची नसते, ताई! वीस वर्षं जमीन बघून काम करणाऱ्याला छत आठवेल कशाला? मग बाहेर येऊन वर बघितलं. गाडी सव्वादहा फूट उंच.

छोटी गाडी बुटकी आहे, हिला तीच आवडते, वळवायला सोपी. पण तिच्यात बाथरूम म्हणजे पलंगाखालून ओढायचं एक खोकं आणि भोवती पडदा. आई त्या खोक्याकडे बघून नुसती पदर सारखा करत राहिली. ते मला पुरलं. दुकानदार मोठी गाडी पंधरा दिवस राखून ठेवतोय.

मुलींचा तुला पापा.

तुझा भाऊ

ता. क. तुमच्या फाटकावरची लोखंडी कमान. भावोजींनी स्वतः वेल्डिंग केलेली, मोर असलेली. तिची उंची मी आठवणीने नऊ फूट धरतो. त्यांचा मूड बघून, जेवण झाल्यावर, कमान थोडे दिवस उतरवता येईल का विचार. मोर मी स्वतः धरीन.

ता. क. २. हे फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि भावोजी जवळच असतात. पाकीट आईकडे चिकटवायला देतोय, डिंक तिच्या कपाटात आहे.

ता. क. ३. ही मी, आई. वाचायला नको होतं, वाचलं. बाई, तुझ्याकडे झोपायचं वर आणि बाथरूम खाली. अंधारात जिना उतरायची मला भीती वाटते, बाकी काही नाही. सांगायची लाज वाटली. मी रात्री उठते हे आता भावालाच कळलंय तर तुझ्यापासून काय लपवू? खाली हॉलमध्ये माझी गादी घाल, मी पुढच्या आठवड्यात बसने येते. कमानीला हात लावू देऊ नकोस. पण मी एरवीही बसने यायला तयार आहे हे त्याला पंधरा दिवस कळू देऊ नकोस. निघताना मी त्याला तुला बरं नाही म्हणून एवढ्यापुरती जाते, असं सांगेन. नाहीतर तो गाडी घ्यायचा नाही, आणि मला ती खिडकी हवी आहे.