मूळ जागी परत

सोमवार, ४

नवी नोकरी, पहिला दिवस, आणि मी चक्क खूश! गावाच्या नोंदणी कार्यालयात संगणक विभाग म्हणजे मी एकटी. जन्म, मृत्यू, लग्न, नोकरी, गावातली झाडून सगळी नोंद इथल्या एका सर्व्हरवर. तिची प्रत रोज टेपवर घ्यायची, आणि टेपा बदलायला नवाकोरा ऑटोचेंजर आलाय. कपाटाएवढं यंत्र, आत टेपांचे कप्पे आणि मधोमध वरखाली फिरणारा लोखंडी हात. हा हात काही हलेना, नुसता कण्हत होता. कंपनीचा माणूस फोनवरून मलाच शहाणपण शिकवत होता. उंटावरून शेळ्या हाकतोय मेला! शेवटी झाकण उघडलं, तर वाहतुकीसाठी आवळलेला स्क्रू तसाच. काढला, आणि रुसलेला जावई पानावर बसावा तसा हात मुकाट कामाला लागला. मग त्याचं नावच जावईबापू ठेवलं. घरी सांगितलं तर नवरा पोट धरून हसला, आणि टिल्लू जावईबापूंना बघायचंच म्हणून अडून बसली. पाच वर्षांची आहे माझी लेक, हट्टीपणात माझ्यावर गेलीय.

गुरुवार, ७

जुन्या टेपा आत भरल्या. यंत्राला एकही ओळखू येईना. बघते तर बारकोडची लेबलं उलटी चिकटवलेली! माझ्याआधी इथे कोण दिवटा होता कोण जाणे. खरवडून खरवडून नखं गेली माझी.

बरं, इतकी वर्षं प्रती घेतल्या, पण त्या परत आणता येतात का, हे कुणी कधी बघितलेलंच नाही. साहेबांना म्हटलं, कालची टेप परत आणून बघते, पण वेगळ्या जागी. ते म्हणाले वेगळी जागा नाही, नव्या डिस्कला मंजुरी लागते, आहे तिथेच आणा. मी समजावलं की टेपवरचं जे असेल ते आजच्या नोंदींवर बसेल, आजचं पुसलं जाईल. तर सगळ्यांसमोर विचारतात, तुम्हाला काम येतं की नुसतं बोलता येतं? तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच गेले आणि 'मूळ जागी परत' वर खूण केली, 'असलेलं पुसून' वर केली. घ्या, तुमचं तुम्हाला लखलाभ! मागितली होती कालची टेप. जावईबापूंनी उचलली गेल्या वर्षीची. मी थांबवेपर्यंत काम उरकलं होतं.

शुक्रवार, ८

यंत्राच्या खोलीचं दार उघडेना. माझ्या कार्डाला लाल दिवा. दारात स्टुलावर शिपाईकाका बसलेले. आमच्याच गल्लीतले. गेल्या वर्षी वारले तेव्हा नवरा खांदा द्यायला गेला होता. आणि आज ते मला विचारतात, काय काम आहे बाई? साहेबही तेच विचारतात. अशी कुणी इथे कामालाच नाही म्हणे! बरोबर, गेल्या वर्षी मी कुठे लागले होते नोकरीला? मी आरडाओरडा केला, तर मला हाताला धरून बाहेर काढलं. नवरा म्हणतो, शिपाईकाकांना काय धाड भरलीय, कालच तर भेटले. मी ताट आपटलं.

सोमवार, ११

जिन्यात शेजारणीचं तान्हं बाळ उघड्या फरशीवर रडत होतं. तीन महिन्यांचं. ती म्हणाली, कुणीतरी टाकून गेलंय, पोलिसांना बोलवा. तिचा कुर्ता दुधाने भिजला होता, आणि म्हणते माझं नाही. मी तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं. ती मलाच वेडी म्हणाली.

या बाळाची नोंद त्या टेपवर नाही. नोंद नाही तर आईला ओळख नाही. आणि जे मेले, त्यांच्या मरणाचीही नोंद—

टिल्लूला कुशीत घेऊन बसले आहे. गेल्या वर्षी ती होती. तिची नोंद आहे.

मंगळवार, १२

कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या खिडकीपाशी उभं राहिलं की काचेतून यंत्र दिसतं. कुणी सांगितलं नाही, तरी हात चालू आहे. एक टेप ठेवतो, तिच्याही आधीच्या वर्षाची उचलतो. मागे मागे चाललाय नालायक. खुर्ची उचलून काचेवर घालणार होते, शिपाईकाकांनी मनगट धरलं. त्यांचा हात बर्फासारखा गार. हळूच म्हणाले, नका हो बाई, ते थांबलं की मला थंडी वाजते, मला परत नाही जायचं. मी म्हटलं, माझ्या पोरीपेक्षा तुमची थंडी मोठी? ते रडले. मनगट सोडलं नाही.

बुधवार, १३

शाळेतून फोन आला नाही, मीच केला. या नावाची मुलगीच नाही म्हणतात. मेल्यांनो, सकाळीच डबा दिलाय मी तिला!

ती वर्गाबाहेर पायरीवर बसली होती. दिवसभर. एकटी.

घरी नवऱ्याने विचारलं, कोणाची गं ही?

मारलं मी त्याला. आयुष्यात पहिल्यांदा. तो गालावर हात ठेवून तिच्याकडेच बघत राहिला, परक्याकडे बघावं तसं—

मला अजून आठवतंय. रागाने आठवतंय. राग सोडायचा नाही. टिल्लू माझी. उजव्या कानामागे तीळ. झोपताना माझा अंगठा धरते. आता धरलाय—

गुरुवार

डोकं ठणकतंय. कशावरून इतकी चिडले होते देव जाणे.

सकाळी उठले तर अंथरुणात एक पोर. माझा अंगठा घट्ट धरून. नवऱ्याला विचारलं, त्यालाही माहीत नाही. असली पोरं घरात शिरतात तरी कशी! आई आई म्हणून गळ्यात पडायला लागली. काय चीड आली. दंडाला धरून बाहेर काढली, कडी घातली.

दार वाजवतेय. कधीची वाजवतेय. घर म्हणून शांतता नाही. आता उठते आणि तिला चांगली—