बेंदराच्या केसची नक्कल

१२ जानेवारी २००४, सोम.
सौ.चा पासपोर्ट आला. माझा न्हाय.
दुपारी पो.स्टे.चे हवालदार घरी. चहा घेतला, वर ताटलीभर भडंग खाल्लं आन् मग तोंड उघडलं. "कंडक्टर, तुमच्या नावावर केस दिसतीय. त्र्याऐंशी सालची. मारामारी."
मी म्हटलं, "सुटलोय की त्यातनं! निर्दोष!"
"व्हय, पण कागद कुठं हाय? कोर्टाच्या निकालाची नक्कल आणा, मग रिपोर्ट पुढं पाठवतो."
हवालदार उंबऱ्याबाहेर गेले न्हाईत तोवर सौ. सुरू. "तुम्ही न्हाय तर मी बी न्हाय जायची. इमानात एकटी? मी कोल्हापूरला बी एकटी जात न्हाय."
तिकडं मस्कतला सुमनचे दिवस भरत आलेत. मार्चचा पहिला आठवडा सांगितलाय. पहिलंच बाळंतपण, सासू न्हाय, जावई बारा तास ड्युटीवर. पोरीनं दोघांनाच बोलावलंय. आन् हिचं हे असं.

१३, मंगळ.
तालुक्याच्या कोर्टात गेलतो. अठ्ठावीस वर्षं एस.टी.त काढली, ह्या स्टॉपवर रोज बेल मारली. आत पाय ठेवला तो त्या एका केसपुरता.
नक्कल विभागाचे कारकून तरणे, चष्मेवाले, मलकापूरकडचे. बोलायला गोड.
"काका, केस नंबर?"
"न्हाय."
"गुन्ह्याची तारीख तरी?"
"न्हाय आठवत. पण बेंदराचा दिवस, त्र्याऐंशी साल. ते पक्कं."
हसले. कपाटातनं जुनं पंचांग काढलं, पुनव बघितली, माझ्या अर्जावर स्वतःच्या हातानं २४ जुलै लिहिलं. मी सही केली. काय हुशार माणूस! शुक्रवारी या म्हणाले.
येताना सगळं आठवलं. बेंदराला बैलांनी तोडायचा कराचा दोर वेशीत बांधलेला. तो आमच्या बैलानं आधी तोडला का दत्तूच्या, एवढंच भांडण. दत्तू म्हणाला माझ्या. मी चाबकाचा दांडा घातला डोक्यात. तीन टाके. इथं लिहायला काय हरकत न्हाय, मारलं मीच.
दत्तू म्हणजे शाळेत एका बाकावर बसलेला. पण त्यानं फिर्याद दिली. तेव्हापासनं बोलणं बंद ते बंद.

१६, शुक्र.
नाव न्हाय रजिस्टरला. कारकून म्हणाले, "काका, जुलैत तुमच्या गावचा एकच गुन्हा आहे. कोंबडीचोरीचा."
"आरोपी कोण?" म्हटलं.
सांगितलं न्हाई. मला अंदाज हाय.

२०, मंगळ.
परत तालुका. कारकुनांनी आज ऑगस्ट-सप्टेंबर पण चाळला. धुळीनं शिंका देऊन देऊन डोळे लाल झालते बिचाऱ्याचे. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "काका, राग मानू नका. पण केस झाली होती ना नक्की?"
अहो! लोकं केस झालीच न्हाय म्हणून भांडत्यात, आन् मी झालती म्हणून भांडतोय. एवढी मोठी मारामारी, अख्खं गाव बघत होतं, सहा तारखा केल्या, आन् सरकारदरबारी कायच न्हाय? मनातनं जरा अपमानच वाटला.
नंबर न्हाय तर नक्कल न्हाय. नक्कल न्हाय तर पासपोर्ट न्हाय.

२१, बुध.
सकाळी सौ. शेंगा फोडत बसलेली. मी अर्जाची पोच तिच्यापुढं टाकली, म्हटलं, बघ, सगळं लिहून दिलंय तरी सापडत न्हाय.
तिनं लांब धरून वाचलं. "चोवीस जुलै कुठनं आलं?"
"बेंदूर."
"आवो, आषाढात कुठला आपला बेंदूर? आपला जेष्ठात. कर्नाटकी."
मी पोच तिच्या हातातनं घेऊन परत वाचली.
कारकून पडले मलकापूरकडचे. त्यांच्याकडं बेंदूर आषाढी पुनवेला. आमचं गाव कर्नाटकाच्या सीमेकडलं, इथं महिनाभर आधी. त्यांनी आपल्या गावचा बेंदूर धरला आन् मी सही ठोकली. त्यांचं काय चुकलं? त्यांच्या घरात जन्मापासनं आषाढातच पुरणपोळी. पण मी? अठ्ठावीस वर्षं लोकांच्या पासावरच्या तारखा तपासून त्यांना खाली उतरवलं, आन् स्वतःच्या अर्जावरची तारीख बघितली न्हाय.
सौ. तोंडाला पदर लावून हसत होती. हसू दे. मला पण आलं.

२२, गुरु.
कारकुनांना सांगितलं तर कपाळावर हात मारला. "म्हणजे काका, तुमच्यात आधीच होतो बेंदूर?" त्यांना ठाऊकच नव्हतं. मग पाच मिनिटं आपला बेंदूर कसा, तुमचा कसा, यावरच गप्पा. मागं रांगेतले एक गृहस्थ खेकसले, "पावणं, बैलं बाहेर न्या, आमचं काम हुंदे!"
जून काढला. पाचव्या पानावर. २५ जून. माझं नाव, वडिलांचं नाव, आरोपी नं. १. आधी छाती फुगली, मग लाज वाटली.
नंबर मिळाला. पण कारकून म्हणाले, "सुटलेल्या केसच्या जुन्या फायली नाशाला जातात. निकालाचं पान ठेवलं असलं तर नशीब. बघतो." अर्जावर कोर्ट फीचं तिकीट लावून दिलं.
आता नशीब.

२८, बुध.
सुमनचा फोन. पाय सुजलेत म्हणाली. "आप्पा, पासपोर्टचा नंबर कळला की व्हिसाचं बघतो म्हणालेत हे. झालं न्हवं?"
"झालंच," म्हटलं.
फोन ठेवल्यावर सौ. म्हणाली, खोटं बोलताना तुमचा आवाज बारीक होतो.

३ फेब्रुवारी, मंगळ.
मिळाली! फाईल नाशाला गेलती, पण निकाल शाबूत. चार पानं, वर गोल शिक्का. कारकुनांना म्हटलं, येत्या बेंदराला घरी जेवायला या, जेष्ठात. ते म्हणाले, तुम्ही आषाढात आमच्याकडं या. ठरलं.
कोर्टाबाहेर कट्ट्यावर बसून वाचलं. तिसऱ्या पानावर अडकलो. लिहिलंय, फिर्यादीनं उलटतपासात सांगितलं की मला मारणारा इसम आरोपी नं. १ नव्हे. गर्दीत कोणी मारलं ते सांगता येत नाही. सबब आरोपी निर्दोष.
फिर्यादी म्हणजे दत्तू.
त्या तारखेला मी ड्युटीवर होतो, वकिलानं गैरहजेरीचा अर्ज दिलता. संध्याकाळी मला म्हणाला, "तुमच्या फिर्यादीला उभा चिरला!" मी त्याला पेढे चारले. वकील गेले आता, त्यांच्यामागं काय बोलायचं.
पण दत्तूला मी दांडा उगारताना समोरासमोर दिसलो होतो. अगदी तोंडासमोर.
तीनदा वाचलं. दोन गाड्या गेल्या, उठलोच न्हाय.

४, बुध.
नक्कल पो.स्टे.ला दिली. हवालदार म्हणाले, झकास. आता गावातल्या दोन माणसांचे जबाब. एक सरपंच देतील, दुसरा तुमच्या ओळखीचा आणा, उद्या-परवा.
ओळखीचे चिक्कार हायत. शेजारचा गुरव लगेच तयार झाला. नको म्हटलं त्याला. का म्हणून इचारलं, तर म्हटलं नंतर सांगतो.

५, गुरु.
दत्तूच्या दारात गेलो. वीस वर्षांनी. म्हशीला पेंड घालत होता. बघितलं, परत पेंड कालवायला लागला.
मी उभाच. नक्कलीची झेरॉक्स पुढं केली. त्याला चष्म्याशिवाय दिसत न्हाय, म्हणून मीच ते वाक्य वाचलं.
"खोटं का बोललास रं कोर्टात?"
"तुझी कंडक्टरकी गेली असती की. घरात मिळवता तू एकटा, पोरं बारकी. जज्जसाहेब मलाच डाफरले, खोट्या फिर्यादी करतोस म्हणून."
"मग सांगितलं न्हाईस कधी?"
"तू इचारलंस कधी?"
म्हैस मधी येऊन उभी राहिली ते बरं झालं. डोळे पुसायला आडोसा मिळाला.
मग म्हणाला, "पण दोर माझ्याच बैलानं तोडलाता."
मी म्हटलं, "व्हय." काय करणार? आज भांडायचा दिवस नव्हता. मनातनं अजून पटलेलं न्हाय.

६, शुक्र.
दत्तू पो.स्टे.ला आला. टोपी, धुतलेला शर्ट. हवालदारानं लेखणी काढली.
"ह्यांना किती वर्षं ओळखता?"
"जन्मापासनं. मधली वीस सोडून."
"वर्तणूक कशी हाय?"
दत्तूनं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "वर्तणूक वाईट. तापट हाय, कुणाचं ऐकत न्हाय. माझ्या डोक्यात हात घालून बघा, अजून टेंगूळ लागतंय."
हवालदाराची लेखणी वरच.
"पण सोडा त्याला, सायेब. पोरगी तिकडं परक्या मुलखात एकटी हाय."
हवालदार खूप वेळ हसले. मग 'वर्तणूक चांगली' लिहिलं, दत्तूची सही घेतली. बाहेर येऊन दोघांनी मिसळ खाल्ली. दत्तूला तिखट सोसत न्हाय आता. मला पण.

१९, गुरु.
रिपोर्ट कोल्हापूरहून पुढं गेला म्हणत्यात. पासपोर्ट अजून न्हाय. रोज पोस्टमनची वाट अडवतो, तो आता सायकल दुसऱ्या गल्लीनं घेतोय.
दुपारी सुमनचा फोन. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधीच होईल. पोरगी रडली. सौ.नं फोन घेतला, काय बोलली ते ऐकू आलं न्हाय. ठेवला आन् सरळ फळीवरची बॅग काढली. जावयाला सांगितलंय म्हणे, माझा व्हिसा काढा, मी निघते.
"एकटी?"
"इमान काय मी चालवायचं हाय? तुमचा पासपोर्ट आला तर मागनं या."
"आन् न्हाय आला तर? मी इथं काय करू?"
बॅगेत बाळंतविडा भरत होती. वर न बघता म्हणाली, "दत्तूभावजींच्यात जेवा."