लंबूचा फोटो

४ मार्च
बेसबॉल क्लबला पंचवीस वर्षं झाली. हॉलच्या भिंतीवर दहा अविस्मरणीय क्षण लावायचे ठरलंय. छपाईचं दुकान माझं, म्हणून फोटो, मजकूर, फ्रेमा — सगळं माझ्या गळ्यात. पहिला क्षण कुठला यावर चर्चासुद्धा झाली नाही. लंबूचा अंतिम सामना!

५ मार्च
एकोणीस वर्षं हेच ऐकतेय. अंतिम सामन्यात चेंडू टाकणाऱ्या लंबूने समोरच्या एकीलाही पहिल्या बेसपर्यंत पोचू दिलं नाही. आणि तिचा एकेक चेंडू झेलायला समोर गुडघे मोडून कोण बसलं होतं? पण तोंडाला जाळी बांधलेली कॅचर कोणाच्या लक्षात राहणार! माझ्या लग्नातही पाहुण्यांनी नवरीला सोडून तिच्याबरोबर फोटो काढले. सासूबाई अजून विचारतात, "तूपण खेळायचीस का गं?"
जळते मी तिच्यावर. लिहिलं एकदाचं.

७ मार्च
नुसत्या टाळ्यांचं दुःख नाही. कुठला चेंडू टाकायचा ते कॅचर बोटांनी खुणावते. एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळणारा. समोरच्या संघातल्या प्रत्येकीच्या खोडी मी वहीत उतरवून पाठ केल्या होत्या. लंबू माझ्या हाताकडे बघायची, शहाण्यासारखी मान डोलवायची आणि टाकायची भलताच! सरळ मागितला की वळणारा. मुद्दाम. मला हिंग लावून विचारत नव्हती. मी आडवीतिडवी पडून तो अडवायचे आणि कौतुक तिचं.
तिला याचा जाब कधी विचारला नाही. विचारून काय, पुन्हा अपमान करून घ्यायचा?

९ मार्च
आमच्या कोचसरांचा फोन. "लंबू येतेय, पहिल्या रांगेत बसवा. तिला हाताला धरून आणावं लागेल." आता हाताला धरून! पालखी तेवढी राहिली.

१२ मार्च
फोटो सापडला. सामना संपल्यावरचा, सगळ्याजणी ओळीत. मी मधे, जाळी काढलेली, चक्क हसतेय. लंबू अगदी डाव्या कडेला. कॉम्प्युटरवर दोन इंच कापले. लंबू गेली.
कोणी विचारलंच तर फ्रेमच्या मापात बसत नव्हता.
नवरा मागे येऊन उभा राहिला. "अगं, जिचा सामना तीच नाही?" मी म्हटलं, तुम्ही तुमचं बघा.

१३ मार्च
छापला. काच बसवली. अजिबात वाईट वाटत नाहीये.

१६ मार्च
कार्यक्रम झाला. लंबू लवकरच आली. तिचा नवरा तिला माझ्याजवळ सोडून गाडी लावायला गेला. तिने चाचपडत माझा हात धरला.
"आता जवळजवळ काहीच दिसत नाही गं," म्हणाली. "तेव्हा तरी कुठे धड दिसायचं! मला चष्मा लागतो हे कळलं असतं तर सरांनी बाहेर बसवलं असतं. तुझा तो मोठा ग्लोव्ह दिसायचा, पण बोटं कधी दिसलीच नाहीत. मान डोलवायची आणि टाकायचा. तू काही सुटू द्यायची नाहीस, एवढं माहीत होतं."
मी तिला पहिल्या फ्रेमपाशी नेलं. तिने काचेवरून हात फिरवला.
"सगळ्याजणी आहेत ना? मी कुठंय यात?"
"मधोमध," मी म्हणाले.