फिरकी मी निवडली

अहो,

परवाच सुट्टीहून बहरीनला परतलो. बॅगा अजून उघडायच्यात, उद्यापासून आपल्या सुजाताची शाळा. तरी सगळं सोडून आधी तुम्हाला लिहायला बसले, कारण ही बातमी मीच तुम्हाला सांगायला हवी. मी ट्राउट मासा पकडला! हिमाचलात, वाहत्या नदीत, माझ्या हातांनी!

तुम्ही जाऊन सव्वा वर्ष झालं. सकाळी सातला ड्युटीवर निघताना छातीत कळ आली आणि नऊ वाजता हॉस्पिटलात सगळं खलास. डबासुद्धा तसाच टेबलावर राहिला. काही बोलायला वेळच दिला नाहीत हो तुम्ही मला.

तुमचा तो पत्र्याचा डबा आठवतो? सलमाबादच्या वर्कशॉपमधले तुमचे स्कॉटिश साहेब मायदेशी परतताना देऊन गेले होते. आत ट्राउटसाठीची खोटी आमिषं. पाण्यात गरगरणाऱ्या इवल्या फिरक्या आणि माशासारखे डुलणारे चमचे. बहरीनमध्ये ना नदी, ना थंड पाणी, आणि नागपूरचा माणूस शुक्रवारी बाथटब भरून त्यात फिरक्या ओढतोय! सुजाता दारात उभी राहून म्हणायची, "बाबा, देअर आर नो फिश इन द बाथटब!" तुम्ही म्हणायचात, "मासा नाही बघत बेटा, चाल बघून राहिलो."

मला मात्र टॉवेल धरून उभं राहावं लागे. वर धडाही ऐकावा लागे. तळ्यात चमचा, कारण तो खोल जातो आणि हळू ओढला तरी डुलतो. नदीत फिरकी, तीही लहान. पाणी नितळ आणि ऊन कडक असेल तर मंद रंग, पाणी गढूळ असेल तर पितळी. मी "हो, हो" करायची आणि मनात भाजीचा विचार. आता खरं सांगायला काय हरकत आहे?

हिमाचलात ट्राउट धरायला म्हणून ठरवलेल्या दोन सुट्ट्या मी तुमच्याकडून काढून घेतल्या. एकदा माझ्या बहिणीचं लग्न, एकदा नागपूरच्या घराचा स्लॅब. दोन्ही वेळा मीच म्हणाले, "हिमाचल काय पळून जातंय? पुढच्या वर्षी जाऊ." तुम्ही मुकाट्याने मान हलवली. का हलवली? एकदा तरी भांडायचं होतं ना माझ्याशी!

या जूनमध्ये मी ऑफिसात लीव्हचा अर्ज टाकला आणि नागपूरला फोन केला. तुमचे भाऊ चिडलेच. "वहिनी, हे काय करून राहिल्या तुम्ही? दादाला जाऊन दोन वर्षंही झाली नाहीत, अन् तुम्ही मासे धराले चालल्या? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "भाऊजी, लोकांना सांगा, दादाचं राहिलेलं काम करायला गेली. परत येताना नागपूरला पंधरा दिवस राहीन. पण आधी हिमाचल."

आधी एका तळ्यावर गेलो. दिवसभर गळाला चमचे लावून टाकले, एक मासा फिरकला नाही. सुजाता कंटाळून झोपली. दुसऱ्या दिवशी नदी. बर्फ वितळून पाणी दुधाळ झालेलं, आभाळ भरलेलं. परवाना तपासणारा चौकीदार म्हणाला, "मॅडम, चांदीवाला डालो। यहाँ सब वही डालते हैं।"

मी पाण्याकडे बघितलं. हात घातला तर बोटं दिसेनात. डब्यातून पितळी फिरकी काढली, तुम्ही वर्कशॉपच्या भंगारातल्या पत्र्यातून कापलेली. चौकीदार हसला. हसू दे!

दोन तास काही नाही. मग फिरकी दगडात अडकली, ओढली तर दोराच तुटला. तुमच्या हातची वस्तू, डोळ्यांसमोर गेली! मी काठावर मटकन बसले. वाटलं, भाऊजींचंच खरं. हे माझं काम नाही.

सुजाता शेजारी येऊन बसली. ही पोरगी मराठीत कधी उत्तर देत नाही, पण त्या दिवशी म्हणाली, "आई, दुसरी लाव ना."

दुसरी लावली, तीही पितळीच. पण आता विचार केला. मी प्रवाहाच्या दिशेने टाकत होते, म्हणून ओढताना फिरकी वर येऊन पाण्यावर फडफडत होती. बाथटबमध्ये प्रवाह नसतो हो, हे तुम्ही तरी कुठून शिकवणार? या वेळी वरच्या अंगाला तिरकी टाकली आणि पाण्याच्या वेगापेक्षा किंचित जलद दोरा गुंडाळत आले. तिसऱ्या खेपेला हाताला असा झटका बसला की मी ओरडलेच! सुजाता किंचाळतेय, चौकीदार "ढील दो, ढील दो" करतोय, आणि मी गुडघाभर बर्फाच्या पाण्यात.

वीतभराहून मोठा, तपकिरी, अंगावर तांबडे ठिपके. चौकीदाराने मापून मान डोलावली. म्हणाला, "पीतल ही सही था।"

गेस्ट हाउसच्या चुलीवर हळद-तिखट लावून तळला. तुमच्या नावाने तुकडा बाजूला काढला नाही मी. दोघींनी काटे चाटूनपुसून खाल्ला आणि मग मी खूप रडले. बरं वाटलं.

आता पुढचं ऐका. सुजाता तीन वर्षं पोहायला शिकायचं म्हणतेय आणि मी तीन वर्षं "पुढच्या सुट्टीत बघू" म्हणतेय. काल संध्याकाळी जाऊन तिचं नाव घालून आले. बायकांच्या वर्गात माझंही घातलं. पाण्याची भीती मला आहेच, ती तुम्हाला ठाऊक आहे. तरी शब्द देते, या घरात "पुढच्या वर्षी" हे दोन शब्द मी पुन्हा उच्चारणार नाही. सोमवारी पाच वाजता पहिला तास आहे, आणि मी पाण्यात उतरणार आहे.

तुमची,
वंदना